पांढरीचा खण

"मावशी, लवकर या. आबा मला घराबाहेर काढतायत. पोराला मात्र ठेवून घेणार म्हणतात."

फोन थ्वीचा होता. व्हिएतनामहून लग्न होऊन च्याई शहरात आलेली, नवरा गेल्यावरही सासऱ्याचे अजगर सांभाळणारी. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या जान बाई शेजारच्याच गल्लीत राहत. त्यांनी चहा तसाच टाकला, एक फोन केला आणि चपला अडकवल्या.

वरच्या खोलीत इतकं उकडत होतं की पालींनीसुद्धा बिऱ्हाड हलवलं होतं. थ्वीने नुकतंच बसवलेलं नवं रॅक भिंतीला उभं होतं. खणांना वेगळं झाकण नाही, वरची फळी हेच झाकण. मागे गरम पट्टी, पुढे पाण्याची वाटी. आणि खणाखणांत मेलेले अजगर.

थ्वीचे सासरे श्याव आबा स्टुलावर बसले होते. पट्टीची उष्णता मोजणारी थर्मोस्टॅटची तार सुटून हवेत लोंबत होती. तारेला पट्टीची ऊब कळेना, म्हणून पट्टी रात्रभर तापत राहिली.

"हिनेच चिकटवली होती," आबा म्हणाले.

"दोनदा चिकटवली होती, आबा," थ्वी म्हणाली.

"मग हे मेले कसे? माझ्या तोंडाकडे बघून?"

आबांचा पुतण्या कुआन-तिंग कोपऱ्यात डोळे पुसत होता. बाजारात त्याचं सापा-सरड्यांचं दुकान होतं.

"काल इथे कोण आलं होतं?" जान बाईंनी विचारलं.

"मीच. जेवायला. मग वर येऊन पांढरीला, त्या पांढऱ्या अजगरणीला, बघून गेलो. आबांचा जीव तिच्यावर."

"आणि आज सकाळी?"

"मीच परत आलो, खोलीचं दार उघडलं. आधी तिचाच खण ओढला. तडफडत होती हो, मावशी. माझ्यासमोर गेली."

"बाहेर काढलीस?"

"हात लावायची हिंमत झाली नाही. आहे तशीच आहे."

जान बाई एकेक खण ओढू लागल्या. प्रत्येकात तेच. वाटी उलटलेली, खालचा कागद फाटलेला, अजगर पुढच्या कडेशी चेंगरलेला, फटीत घासून नाकाडं रक्ताळलेलं.

पांढरी मात्र मागे होती, पट्टीच्या बरोबर वर. नीट वेटोळं. कागद सरळ, वाटी जागच्या जागी.

बाईंनी तो खण उघडाच ठेवला.

"कुआन-तिंग, तुझ्या दुकानातले खण बघायचेत मला."

"माझे कशाला?"

"अंग भाजायला लागलं की जनावर गारव्याकडे पळतं. सगळे पुढे पळाले. ही एकटीच तव्यावर ऐसपैस बसून राहिली? ही खणात आली तीच मेलेली. आणि तू म्हणतोस, सकाळी तडफडत होती. तडफडली असती तर वाटी उभी राहिली असती का, बाबा?"

कुआन-तिंगने डोळे पुसायचं थांबवलं.

"काल जेवलास, वर आलास, आबांची पांढरी विकायला म्हणून पिशवीत घातलीस. तुझ्याकडे मेलेली दुसरी पांढरी तिच्या जागी ठेवलीस. पण एकच मेली असती, तर आबांनी ती मांडीवर घेऊन निरखली असती. म्हणून तार ओढलीस. इतक्या मढ्यांत एका मढ्याकडे कोण बघतंय? आणि दोष घ्यायला परकी सून होतीच."

"उगाच काहीही बोलू नका. पुरावा काय?"

"आबा, तुमच्या पांढरीची खूण?"

"शेपटीला उंदीर चावला होता." म्हाताऱ्याने खणातल्या मेलेलीची शेपटी उलटसुलट करून पाहिली. व्रण नव्हता. त्याने ती पुन्हा पाहिली.

कुआन-तिंग जिन्याकडे सरकला. जिन्यात हवालदार उभा होता. निघताना बाईंनी त्यालाच फोन केला होता.

दुकानातल्या मागच्या रॅकमध्ये पांढरी जिवंत सापडली. हवालदाराने ती वरच्या खोलीत आणून आबांच्या हातात दिली, पण आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"थ्वी," ते म्हणाले, "पोराला शाळेतून आण. इथेच. घरी."

थ्वी मेलेले अजगर पिशवीत भरत होती.

"आणते. पण आबा, उद्या घरात आणखी काही मेलं, तर आधी काय बघाल? तार, की मला?"

आबा लोंबणाऱ्या तारेकडे बघू लागले. थ्वीने पुढचा खण ओढला.