खबऱ्याला न दिसलेली सापसुरळी

"शून्य," खबऱ्या म्हणाला. "पाचोळ्यात एकही प्राणी नाही."

केतकीने कपाळावर हात मारला. आत्ताच तिच्या चपलेजवळून एक तुळतुळीत तपकिरी सापसुरळी सर्रकन पाल्यात शिरली होती. तिने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती! मग हा चारचाकी यंत्रमानव आंधळा, की खोटारडा?

साल होतं २०६१. आंबेरखोलच्या देवराईतला पाला आजवर कुणी उचलला नव्हता. यंदा मात्र राबाला (भाताचं बी पेरण्याआधी पाला जाळून जमीन भाजायला) पाला कमी पडला. तेव्हा ग्रामसभेत केतकीनेच फुशारकी मारली होती, "मी रोज पहाटे खबऱ्याकडून मोजणी केलीय. पाचोळ्यात कुणी राहत नाही." यंत्र कशाला चुकेल, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. आता दहा वाजता माणसं देवराईतला पाला न्यायला खराटे घेऊन येणार होती, आणि नऊ तर वाजून गेले होते.

"अगं, किती येरझाऱ्या घालशील? जमीन झिजेल," कमलजाआत्या म्हणाली. खबऱ्या तिनेच बनवला होता.

"आत्या, माझ्यामुळे सगळ्या सापसुरळ्या मरतील!"

आत्या गंभीर झाली. "पाल्यावर हात दाब बरं. आता उचल."

खबऱ्याच्या सुट्या पडद्यावर केतकीच्या पंज्याचा पिवळा ठसा उमटला आणि हळूहळू विरला.

"खबऱ्याचा डोळा उष्मादर्शी (उष्णतेतला फरक टिपणारा) आहे. तू गरम, पाला गार, म्हणून तुझा ठसा दिसला. सापसुरळी शीतरक्ती. म्हणजे तिचं रक्त बर्फासारखं थंड असतं असं नव्हे. ती अंगाची ऊब बाहेरून घेते. पहाटे ती पाल्याइतकीच गार असते."

"म्हणजे फरकच नाही!" केतकी ओरडली. "मग दिसणार कशी?"

"ती ऊब कुठून घेते?"

केतकीने वर पाहिलं. फांद्यांतून उन्हाचे कवडसे उतरू लागले होते. "उन्हातून! उन्हात शेकून सावलीत गेली, की थोडा वेळ पाल्यापेक्षा गरम असेल. खबऱ्या, कवडशांच्या कडेची सावली बघ!"

पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. केतकीने नखं कुरतडली. दहा मिनिटं झाली. मग पडद्यावर एक पिवळी रेघ सळसळली, पाठोपाठ दुसरी. खराट्यांचा आवाज जवळ येईपर्यंत तेवीस झाल्या होत्या.

"काय गो केतकी, वाटेत का उभी?" सरपंच मालतीकाकूंनी विचारलं.

"काकू, मी सभेत सांगितलं ते चुकीचं होतं. खबऱ्याला दिसलं नाही, म्हणजे तिथं कुणी नाही, असं मी धरून चालले. त्याला काय दिसत नाही, हे विचारलंच नाही." केतकीने पडदा पुढे केला.

"मग आमच्या राबाचं काय?" मागून कुणीतरी कुरकुरलं.

काकूंनी त्या पिवळ्या रेघा एकेक करून मोजल्या. "रस्त्याकडेचा पाला गोळा करा," त्या अखेर म्हणाल्या. "कमी पडला तर थोडे राब कमी भाजू. आणि गो, ह्या यंत्राला आणखी काय काय दिसत नाही, त्याची यादी मला हवी. मगच पुढची मोजणी."

माणसं वळली. केतकीने तिथेच मांडी ठोकून वही उघडली. बेडूक, गोगलगाय, गोम, मुंग्यांची अंडी... पान भरलं, तसं तिने घाईघाईने दुसरं उलटलं.