मागचा डावा स्पीकर

ते कागद ठेवा बाजूला. भोकरदनच्या नेट कॅफेतून छापून आणले, चांगलं केलं. कुठल्या कुठल्या शहरातल्या मालकांनी लिहिलंय, हा होम थेटर एक नंबर, तो भंगार. पण माणसाचं तोंड बघितल्याशिवाय त्याचं मत कसं कळायचं? बैल घेताना आपण जेवढं बैलाच्या दाताकडं बघतो, तेवढंच विकणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघतो. आणि तरीही फसतो. कसं, ते सांगतो. नाहीतरी लाईट येईपर्यंत तुम्हाला काय काम आहे?

आपला भुजंग तुम्हाला माहीत आहे. पारावर बसतो तो. तुम्ही त्याला बहिरा म्हणता, मागून हाका मारता आणि तो वळत नाही म्हणून खिदळता. तो बहिरा नाही रे बाबांनो. भिंतीवर पाल चालली तरी त्याला ऐकू येतं. तो ओ का देत नाही ते आधी ऐका, मंग खुशाल खिदळा.

दोन हजार तीन सालची गोष्ट. भुजंग आणि मी तेव्हा बैलबाजारात दलाली करायचो. त्याची बायको नंदाबाई अर्धांगवायूनं आडवी झाली होती. डावं अंग पार गेलेलं. कूस बदलायची तरी दुसऱ्यानं हात लावावा लागायचा. बाई मोठी हौशी होती. टॉकीजला नवा पिक्चर लागला की भुजंगला कामधंदा सोडून भोकरदनला न्यावं लागायचं. मूलबाळ नव्हतं, ही दोघंच एकमेकांना. एक दिवस भुजंग मला म्हणाला, तिला टॉकीजला नेता येत नाही, तर टॉकीजच घरी आणू.

भोकरदनला महेमूदचं गादीचं दुकान होतं, तिथं एक होम थेटर विकायला असल्याचं कळलं. दुपारच्या वेळी आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. पाच लहान स्पीकर, एक ठोकळ्यासारखा वूफर आणि मधला जड काळा डबा. त्याला रिसीव्हर म्हणतात, सगळ्या वायरी त्यालाच येऊन मिळतात. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा. जरा थांबून आतून आवाज यायचा, टक्. त्यानंतर स्पीकर बोलायला लागायचे.

भुजंगनं बैलाची चौकशी करावी तशी चौकशी केली. गरम होतो का, अडतो का, चालता चालता बसतो का. महेमूदनं सगळ्याला नाही म्हटलं आणि डब्यावरून हात फिरवत म्हणाला, "आवाज एकदम सच्चा है, भुजंगभाई. पीछे से कोई नाम लेके बुलाया, ऐसा लगता."

एवढा चांगला आहे तर विकतोस का, असं भुजंगनं विचारलं. महेमूद खाली बघून कापूस पिंजत राहिला. त्याचा धाकटा भाऊ बदरोद्दीन रोज यावर पिक्चर बघायचा. तो अचानक गेला. आता घरात कुणाला हा डबा बघवत नव्हता.

बाहेर आल्यावर भुजंगचा चेहरा खुलला होता. त्याचा एक हिशोब होता आणि बाजारात तो कधी चुकला नव्हता. तो म्हणायचा, खोडीपायी विकलेला बैल पारखून घ्यावा, दुःखापायी विकलेला डोळे मिटून घ्यावा. घरात माणूस गेलं म्हणून विकायला काढलेल्या जनावरात खोट नसते.

तरी जनावर दोन दावणी फिरलेलं असेल तर पहिल्या मालकाला विचारायचं, ही आमची रीत. महेमूदनं डबा ज्याच्याकडून घेतला तो पहिला मालक वडीगोद्रीला हायवेवर ढाबा चालवायचा, बद्रीनाथ नावाचा. बाजाराच्या निमित्तानं तिकडं जाणं झालं तेव्हा त्यालाही गाठलं. तोही म्हणाला, बिलकुल खोड नाही, आवाज अगदी खरा, मागून आलेला. त्याची आई द्वारकाबाई वारली म्हणून त्यानं विकला होता. बोलताना त्यानं चुलीवरची नजर वर केली नाही. आम्हाला वाटलं, आईच्या आठवणीनं गलबलला असेल.

दोन घरं, आणि दोन्हीकडं दुःखापायी विकलेला. भुजंगला वाटलं, असा निर्मळ माल पुन्हा मिळायचा नाही. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

पोळ्यासाठी घराला नुकताच चुना दिलेला होता. त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, नंदाबाईच्या उशामागं, दोन स्पीकर ठोकले. बाकीचे टीव्हीजवळ. पहिल्या दिवशी पिक्चरमध्ये मागून घोडे दौडत आले आणि बाई दचकली, आणि मग खळखळून हसली. आडवी झाल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेजारच्या गिरिजाबाई रोज संध्याकाळी तिच्या डाव्या हाताला तेल चोळायला यायच्या, त्याही बसून राहायला लागल्या. भुजंग दारात उभा राहून टीव्ही सोडून बायकोच्या तोंडाकडंच बघायचा. मी त्याची चेष्टा करायचो.

पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून आणले, पुरणपोळी झाली. अंधार पडला आणि लोडशेडिंग सुरू झालं. भुजंग अंगणात बैलांच्या शिंगांचे गोंडे सोडत होता. आतून बाई हळूच म्हणाली, "आवो, माझी माय मला बोलवून राह्यली. मागून."

तिची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

भुजंग आत आला. घरात मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात हिरवा दिवा. त्यानं प्लग उपसला. प्लग हातात आणि दिवा तसाच. मग आतून आवाज आला. टक्. आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून म्हाताऱ्या बाईचा आवाज...

"नंदे..."

आपल्याकडं काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. दिवेलागणीनंतर मागून हाक आली तर वळू नये, ओ देऊ नये. नंदाबाईला वळता येतच नव्हतं. पण तोंड तर होतं. भुजंगनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, नाही दिली.

ती रात्र त्यानं तिच्या उशाशी बसून काढली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला तेव्हा डोळे तांबडे झाले होते. खोड निघालेलं जनावर पहिल्या मालकाच्या दावणीला नेऊन बांधायचं, हा बाजाराचा कायदा. डबा पोत्यात घातला. स्पीकर भिंतीवरच राहिले, ती तर नुसती खोकी, डब्याशिवाय काय बोलणार? गिरिजाबाईंना बाईजवळ बसवलं. निघताना भुजंगनं बायकोला बजावलं की माय बोलवू दे नाहीतर आजी बोलवू दे, तू तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, "न्हाई उघडत. तुम्ही जल्दी या."

मी मागं बसलो, पोतं मांडीवर घेतलं. जालना, अंबड, वडीगोद्री. पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. बद्रीनाथनं पोतं बघितलं आणि हातातला झारा खाली ठेवला. त्यानं काय आहे म्हणून विचारलं नाही. आम्हाला ढाब्याच्या मागच्या बाजूला नेलं.

भुजंगनं सरळ विचारलं, "तुमच्या आईनं ओ दिल्ती का?"

बद्रीनाथनं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "पहिल्या रात्री बापाच्या आवाजात बोलवलं. बाप मेलेला. आई हुशार व्हती, गप राह्यली. दुसऱ्या दिवशी मी अंबडला गेल्तो. यायला उशीर झाला..."

"मंग?"

"मंग त्यानं माझा आवाज काढला."

भुजंग जागचा उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट पार बसला. "हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही खोड विचारली, भाऊ. आवाजात खोड न्हाईच. माझी बायकोसुद्धा म्हणली, तुम्हीच व्हते."

समोरच्या बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. बद्रीनाथ डबा घेईना. तो रस्त्यात टाकायलाही आमचा धीर होईना, दुसऱ्या कुणी उचलला तर? पोतं पुन्हा माझ्या मांडीवर आलं.

भुजंगनं गाडी कशी चालवली ते विचारू नका. अंबड गेलं. जालना गेलं. पुढं दोन्ही बाजूंना कापूस, आणि रस्त्यावर आपल्या गाडीचा तेवढा उजेड. राजूर मागं पडलं.

मग माझ्या मांडीला ऊब लागली.

आधी वाटलं, इंजिनची. पण ऊब पोत्यातून येत होती. मी खाली बघितलं. पोत्याच्या विणीतून हिरवा उजेड...

टक्.

"भुजंग," मी म्हटलं. त्याला ऐकू आलं होतं. त्यानं गाडी आणखी दामटली.

गावात शिरलो. लाईट नव्हती. भुजंगच्या घराचं दार सताड उघडं. उंबऱ्यात गिरिजाबाई कंदील घेऊन उभ्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं. मग मागं घरात बघितलं. पुन्हा आमच्याकडं.

"तुम्ही... आत्ताच आल्ते ना?"

भुजंगनं गाडी तशीच सोडली. ती आडवी पडली. तो आत धावला.

गिरिजाबाईंनी मला सांगितलं ते असं. दोघी गप्पा मारत होत्या, हाताला तेल चोळणं चाललं होतं. उशामागून आवाज आला, 'नंदे, आलो गं.' हुबेहूब भुजंगचा, दमून आल्यासारखा. गिरिजाबाईंना वाटलं, मागच्या बोळातून आले. त्या कंदील घेऊन कडी काढायला उठल्या. मागं नंदाबाई हसली. दिवसभर वाट बघितलेली तिनं. हसून म्हणाली...

"ओ."

कंदील घेऊन मी आत गेलो. भुजंग खाटेजवळ उभा होता. हाक मारत नव्हता, रडत नव्हता. बाई गेलेली होती. पण ती उताणी नव्हती. जिला कूस बदलता येत नव्हती ती बाई पूर्ण वळली होती. तोंड मागच्या भिंतीकडं. डोळे उघडे.

आणि भिंतीवर, स्पीकरच्या खाली, माझ्या डोक्याच्या उंचीला, पंजा होता. पांढऱ्या चुन्यावर ओल्या तेलाचा. डाव्या हाताचा. त्याच हाताचा, जो तिला उशीवरून उचलता येत नव्हता.

तो डबा आम्ही सकाळी कोरड्या विहिरीत टाकला, वर दगड लोटले. तुमच्यापैकी कुणी त्या विहिरीकडं जात नाही, ते बरंच आहे. स्पीकर मात्र भुजंगनं काढू दिला नाही. तिनं त्याचा आवाज समजून ओ दिली, आपण गेलो नसतो तर तिला आपली वाट बघावी लागली नसती, हे त्याच्या मनातून जात नाही. मी खूप समजावलं. वाचवायलाच गेला होतास ना, म्हटलं. माझ्या बोलण्याचा काय उपयोग?

तेलाचा डाग चुन्यानं झाकत नाही, हे कुणालाही ठाऊक असतं. दर पोळ्याला भुजंग चुना देतो, दर वर्षी पंजा वर येतो. त्यात नवल नाही. पण एका पोळ्याला माझ्या ध्यानात आलं की तो माझ्या खांद्याच्या रेषेत आहे. पुढच्या वर्षी छातीच्या. भुजंग त्याच खाटेवर झोपतो, उशी भिंतीला लावून. मी त्याला म्हटलं, खाट फिरव, नाहीतर माझ्याकडं झोपायला ये. आणि पारावर लोकांच्या हाकेला ओ तरी देत जा, पोरं हसतात.

तेव्हा तो जे बोलला, ते तेवढं सांगतो. म्हणाला, "ती रोज बोलवते, कडूबा. तिचाच आवाज हाय का त्याचा, हे मला अजून ठरवता येईना. ज्या दिवशी ठरंल त्या दिवशी एकच ओ द्यायची हाय. ती भलत्याला देऊन टाकली तर?"

परवा पोळा झाला. सकाळी मी त्याच्याकडं नैवेद्याचं ताट घेऊन गेल्तो. भुजंग बैल धुवायला नदीवर गेला होता. घरात कुणी नव्हतं. आदल्या दिवशी चुना दिलेला, भिंत कोरी होती. वरपासून खालपर्यंत बघितली. पंजा कुठंच नव्हता.

मला बरं वाटलं. ताट ठेवायला खाटेजवळ गेलो.

उशीच्या अभ्र्यावर होता. डाव्या हाताचा. तेल अजून ओलं होतं.