ब्रेकला ग्रीस नसतं

खरं प्रेम माणसाला आतून बदलून टाकतं, असं जाणती माणसं सांगतात. गुरांच्या डॉक्टरच्या बाबतीत आतून बदललं ते फक्त ग्रीस, आणि तेही त्याच्या जीपमधलं.

तो पहिल्यांदा गॅरेजमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात बाळाला अंघोळ घालायचा टब होता. टबात जीपची विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणारी बंपरवरची तारेची चरखी, सुटी करून ठेवलेली. गॅरेजवाल्याची धाकटी मुलगी तेव्हा एकटीच होती. तिने गिअरवरून बोट फिरवलं, हुंगलं... आणि बोट तसंच हवेत राहिलं.

"हे काय भरलंय तुम्ही?"

"मलम," तो म्हणाला. "गाईच्या सडांना लावायचं. फार मऊ राहतं..."

अकरा वर्षांत तिने गिअरमध्ये साबण पाहिला होता, एकदा तर मेणबत्ती. पण मलम पाहून तिला स्टुलावर बसावं लागलं. मलम विंचच्या आतल्या ब्रेकपर्यंत गेलं होतं, त्यामुळे खड्ड्यातून अर्धी वर आलेली म्हैस पुन्हा खाली गेली. जाताना तिने आपल्याकडे कसं बघितलं, हे त्याने इतकी मान खाली घालून सांगितलं की धाकटीला हसू आलं. हसू आल्याचा धक्का वेगळाच.

बाबांनी ही विंच तिच्यावर सोपवली. अट एकच: विंचने चढावर जीप धरून ठेवली, तर गॅरेजच्या शटरची चावी तिची. नाही धरली, तर चावी आतेभावाकडे आणि धाकटी काउंटरवर नटबोल्ट विकायला. आतेभाऊ तेव्हापासून हात पुसत जवळपासच घुटमळायला लागला.

डॉक्टर रोज दुपारी यायचा. त्याची गुरं त्या आठवड्यात आश्चर्यकारकरीत्या निरोगी होती. तो दात घासायच्या ब्रशने गिअर रॉकेलमध्ये धुवायचा, ती शिकवायची. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस इथे चालत नाही. गिअरच्या दातांनी एकदा बाजूला ढकललं की ते कोपऱ्यात रुसून बसतं, आणि थंडीत तर त्याचा दगड होतो. गिअरला मऊ, पातळसर ग्रीस लागतं, जे पुन्हा दातांकडे येतं.

"म्हणजे बोलावलं की परत येणारं?" त्याने विचारलं.

"न बोलावता येणारं," ती म्हणाली. मग घड्याळाकडे बघितलं – तो आज अर्धा तास लवकर आला होता – आणि तिचे कान तापले.

"आणि ब्रेकला?"

"काही नाही. गॅरेजमधला शेवटचा नवा घातलाय, त्यावर बोटाचा ठसासुद्धा नको."

चौथ्या दिवशी चाचणी. तारेचं टोक चढावरच्या झाडाला बांधलं, डॉक्टर जीपमध्ये बसला. पायाचा ब्रेक काहीही झालं तरी दाबायचा नाही, असं धाकटीने बजावलं होतं, आणि तो तिचं सगळं ऐकायचा. विंचने जीप झकास वर ओढली. निम्म्यावर धाकटीने बटण सोडलं. जीप थांबली. बाबांनी खिशात हात घातला, आणि जीप हळूहळू, अगदी सभ्यपणे, मागे यायला लागली...

पायाचा ब्रेक त्याने खरोखरच दाबला नाही. जीप जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन टेकली. आतेभाऊसुद्धा हात पुसायचा थांबला.

डॉक्टर उतरला आणि थेट बाबांसमोर उभा राहिला. चूक आपली, तिची नाही, म्हणाला. ती चहा आणायला गेली तेव्हा ब्रेकला थोडं ग्रीस आपणच लावलं.

"का?" बाबांनी विचारलं.

"कोरडा दिसत होता. त्यांच्या हातचं काही कोरडं राहू नये, असं... वाटलं."

बाबांनी मोहरा लेकीकडे वळवला. "कव्हर बसवताना तुला दिसलं नाही?"

खोटं बोलून चावी वाचवता आली असती. ती म्हणाली, "मी ब्रेककडे बघतच नव्हते, बाबा."

"मग कुठे बघत होतीस?"

तिने हातातला पाना उचलला आणि डॉक्टरकडे केला.

डॉक्टर पांढराफटक पडला. मग त्याला समजलं, आणि तो लाल झाला. इतक्या कमी वेळात इतके रंग आपण कुठल्याच जनावरात पाहिले नाहीत, असं त्याने नंतर कबूल केलं. धाकटीने पाना खाली घेतला नाही. दिशाही चुकवली नाही.

बाबांनी घरंगळलेला एक टायर उचलून ढिगावर ठेवला. शेवटी म्हणाले की मुलगा प्रामाणिक आहे, तेव्हा लग्नाला आपली ना नाही. पण जी ब्रेकवरची नजर काढते तिला चावी नाही. आणि चावी आतेभावाच्या हातावर ठेवली.

ग्रीस प्यायलेला ब्रेक धुऊन सुधारत नाही, म्हणून पुन्हा नवीन मागवला. लग्न आठव्या आठवड्यात झालं. ब्रेक नवव्यात आला, आणि तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला.