पाठीवरचा रंग

उद्यमनगरातल्या ऋतुजाच्या कारखान्यात शिरल्या शिरल्या संयोगिताबाईंनी आपली पेंटबॉलची बंदूक टेबलावर ठेवली आणि रेग्युलेटर बदलून मागितला. त्यांच्यामागून यजमान दाजीसाहेब चहाचा थर्मास घेऊन आत आले. बायकोचं भांडण दुसऱ्या कुणाशी असलं की ते आवर्जून हजर असत.

कोल्हापुरात पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, रुजल्याला आता बरीच वर्षं झाली होती. पेठापेठांमधली फुटबॉलची खुन्नस हळूहळू या खेळातही उतरली होती, आणि सगळ्यात जास्त गर्दी खेचायची ती पन्नाशीपुढच्या बायकांची लीग. खेचणारच. एरवी जावा, नणंदा आणि विहिणी एकमेकींवर मनातल्या मनात नेम धरतात. इथे तो उघड्यावर, पंचांच्या साक्षीनं धरता यायचा. संयोगिता इंगवले जुन्या पेठेच्या कप्तान होत्या, आणि येत्या रविवारी नदीवेस पेठेशी अंतिम सामना होता.

ऋतुजा ही त्यांची सख्खी भाची. लीगमधल्या निम्म्या बंदुकांना तिनंच शोधून काढलेला रेग्युलेटर बसवलेला होता. बंदुकीमागच्या बाटलीत हवा प्रचंड दाबानं कोंडलेली असते. ती तशीच सुटली तर रंगाची गोळी नळीतच फुटायची. रेग्युलेटर ती हवा मापात सोडतो. चांगला असेल तर प्रत्येक गोळीला सारखा जोर मिळतो, हलका असेल तर भराभर गोळ्या झाडताना त्याला धाप लागते आणि जोर कमी पडतो. ऋतुजाच्या रेग्युलेटरला मात्र हातही कळायचा. मुठीवर बसवलेली एक पातळ पट्टी स्नायूंमधली विजेची बारीक हालचाल टिपायची, थरथर ओळखायची आणि त्याप्रमाणे हवेचा दाब सावरायची. तिनं त्याचं नाव ‘हातओळख’ ठेवलं होतं.

“तुझा हातओळख बिघडलाय,” संयोगिताबाई म्हणाल्या. “सगळ्यांवर गोळी नीट जाते. नदीवेसच्या कप्तानवर झाडली की तिच्या पायाशी जाऊन पडते. लोक हसायला लागलेत.”

नदीवेसची कप्तान चारुशीला ही संयोगिताबाईंची धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींचं असं काही जमलं होतं की घरातले पुरुष घाबरून असत. पेंटबॉलही दोघी एकत्रच शिकल्या आणि जुन्या पेठेच्या संघातून एकत्रच खेळल्या. मग एका अंतिम सामन्यात संयोगिताबाईंच्या पाठीवर गोळी चाटून फुटली आणि त्यांना ते समजलंच नाही. खेळाचा नियम असा की रंग लागला की खेळाडूनं आपणहून हात वर करून बाहेर पडायचं. मागून येणाऱ्या चारुशीलानं तो रंग पाहिला आणि सरळ पंचांना सांगून टाकला.

सामना गेला त्याचं काही नव्हतं. पण साऱ्या गावासमोर संयोगिताबाई रंग लपवणाऱ्या ठरल्या. आधी मला सांगायचंस, मीच हात वर केला असता, एवढंच त्यांना जावेला सांगायचं होतं. ते पोटात राहिलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. चारुशीला संघ सोडून गेली. तेव्हापासून एकमेकींच्या घरच्या कार्याला दोघी नुसता आहेर पाठवत, जात मात्र नसत. संयोगिताबाईंना तिची फार आठवण यायची, पण हे त्यांनी दाजीसाहेबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

ऋतुजानं बंदूक भिंतीसमोरच्या कट्ट्यावर आणली. लीगचा एक जुना फ्लेक्स कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता, तो तिनं उलगडून समोरच्या भिंतीवर टांगला. त्यावर पंच होते, दोन्ही कप्तान होत्या, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून हात जोडलेले दाजीसाहेबही होते. आता मावशी, एकेकावर झाड, असं तिनं सांगितलं.

पंचांच्या कपाळावर गोळी फटकन फुटली. दुसरी दाजीसाहेबांच्या मिशीवर बसली आणि अर्धा फ्लेक्स निळा झाला. दाजीसाहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. तिसऱ्या वेळी संयोगिताबाईंनी चारुशीलाच्या फोटोवर नेम धरून चाप ओढला. गोळी निघाली, निम्म्या अंतरावर पोचली आणि एखादा पिकला चिकू गळावा तशी खाली पडली.

त्यांनी पुन्हा झाडली, पुन्हा तेच झालं. ऋतुजा संगणकाच्या पडद्यावरचे आकडे बघत होती. आधी ती हसली, मग तिनं आकडे पुन्हा नीट तपासले.

“मावशी, रेग्युलेटर बिघडलेला नाही,” ती म्हणाली. “तुझं बोट चाप ओढतं, तेव्हाच तुझं मनगट उलट बाजूला खेचतं. एक स्नायू हो म्हणतो, दुसरा नको म्हणतो. लहान मुलं खेळताना कुणाला जोरात लागू नये म्हणून मी यंत्राला शिकवलं होतं की हात कचरला तर दाब कमी कर. ते तेवढंच करतंय.”

“आणि माझ्यावर झाडताना हात कचरत नाही?” दाजीसाहेबांनी मिशीकडे बघत विचारलं.

संयोगिताबाईंनी बंदूक कट्ट्यावर आपटली. आपल्या मनातली गोष्ट आपल्याआधी एका एवढ्याशा डबीला कळावी आणि तिनं ती भर मैदानात सगळ्या पेठेला दाखवावी, याचा त्यांना रागही आला आणि लाजही वाटली. कपाटात ऋतुजाच्या वडिलांच्या वेळचा एक साधा पितळी रेग्युलेटर होता, तो त्यांनी उचलला. आत नुसती स्प्रिंग आणि झडप, हाताशी त्याचा काही संबंध नव्हता. भराभर झाडलंस तर याला धाप लागेल, असं ऋतुजानं बजावलं.

“लागू दे,” त्या म्हणाल्या. “मी हाच घेतो. याला माझ्या मनातलं काही कळायला नको.”

रविवारी जुन्या दगडखाणीतलं मैदान माणसांनी फुललं होतं. काठावर हलगी कडाडत होती. पितळी रेग्युलेटर झकास चालला. संयोगिताबाईंनी मोजक्या गोळ्या झाडत नदीवेसच्या एकेका बाईला रंगवून बाहेर काढलं, आणि शेवटी मैदानात दोघीच जावा उरल्या.

चारुशीला खडी फोडायच्या मोडक्या यंत्राआड होती. संयोगिताबाई टायरांच्या ढिगाजवळून पळत सुटल्या, दोन गोळ्या कानाजवळून गेल्या, आणि वळसा घालून त्या थेट तिच्या मागे येऊन पोचल्या. चारुशीला पाठमोरी, गुडघ्यावर बसून गोळ्या भरत होती. लग्नात होती तशीच बारीक मान. एवढ्या जवळून नेम चुकायचा प्रश्नच नव्हता.

काठावरून मार, मार असा एकच गलका उठला. संयोगिताबाईंचं बोट चापावर होतं. ते हलेना. आता सावरायला हातओळख नव्हता, दोष द्यायलाही नव्हता, आणि तरीही मनगट आपलं मागे ओढत होतं.

चाहूल लागून चारुशीला वळली. तिनं बंदूक उचलली, समोर कोण आहे ते पाहिलं आणि पुन्हा खाली केली. पंच यंत्राच्या पलीकडे होते.

“अक्का,” ती हळूच म्हणाली, “तुमच्या पाठीवर रंग लागलाय. मघाशी टायरांजवळून पळाला तेव्हाच माझी एक गोळी चाटून फुटली, मला दिसली. पंचांना अजून सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगतो.”

संयोगिताबाईंनी हात मागे नेला. बोटं निळी झाली. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्यांना इतकं हसू फुटलं की मुखवट्याची काच धुरकट झाली. त्यांनी तो निळा हात सगळ्या खाणीला दिसेल असा उंच केला. शिट्टी झाली. जुनी पेठ हरली, आणि हरलेली कप्तान जिंकलेल्या कप्तानच्या गळ्यात हात टाकून वर आली.

तंबूत दाजीसाहेब दोघींना थर्मासमधला चहा ओतून देत होते. चारुशीला ओल्या फडक्यानं अक्कांच्या पाठीवरचा रंग पुसत होती आणि हलू नका म्हणून दटावत होती. ऋतुजानं दाबमापक लावून पितळी रेग्युलेटर तपासला. काटा जागचा हलला नाही.

“रेग्युलेटर ठणठणीत आहे, मावशी. पण गेला सगळा हंगाम तू हातओळख वापरलास. यांच्यावर झाडताना प्रत्येक वेळी त्यानं तुला थांबवलं. तुझ्या हाताला त्याचीच सवय लागली असेल.”

“आणि मिशीचं काय?” दाजीसाहेबांनी पुन्हा विचारलं.

“तुमच्याशी भांडायचं ते मी रोज भांडतो,” संयोगिताबाई म्हणाल्या. “पोटात काही राहतच नाही.” मग त्या आपल्या निळ्या बोटांकडे बघत राहिल्या. पाठीवरून जावेचा हात फिरत होता, आणि सामना हरून इतकं बरं वाटू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“ऋतुजा, खरं सांग,” त्यांनी विचारलं. “थांबायला त्या यंत्रानं माझ्या हाताला शिकवलं, की माझ्या हातानं त्याला?”