विहिरीतल्या पाण्याचे वय

सगळ्यांनी करार करून खत निम्म्यावर आणले, त्याला सात वर्षे झाली, तरी तापीकाठच्या त्या केळीच्या गावात विहिरीतले नायट्रेट (खतातल्या नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) तसूभरही घटले नव्हते. तान्ह्या बाळांना ते पाणी घातक, म्हणून नळावर लाल पट्टी होती.

"आज सभेत करार मोडायचा," ऋजुताचे पप्पा म्हणाले. "दर हंगामात घड हलका होईल म्हणून जीव टांगणीला, आणि पाणी आहे तसंच!"

ऋजुता तडक विहिरीवर गेली. पाणी तपासणारा यंत्रमानव डुबकी काठावर निथळत बसला होता.

"डुबक्या, तुझं यंत्र बिघडलंय का रे?"

"यंत्र ठीक आहे. पाणी किती वाईट ते सगळे विचारतात. किती जुनं, ते कोणी विचारत नाही."

"पाण्याला वय असतं?"

"पावसात थोडं ट्रिटियम (हायड्रोजनचा काळाबरोबर घटत जाणारा प्रकार) असतं. किती उरलं, त्यावरून वय कळतं. विहिरीतलं हे पाणी पाऊस होऊन पडलं तेव्हा तुझे पप्पा शाळेत होते."

"झिरपत यायला इतकी वर्षं? मग आमच्या कमी खताचं पाणी कुठंय?"

"वाटेत."

त्याने शेतात, मुळांच्या जरा खाली नळी खुपसून मातीतले पाणी ओढले. त्या पाण्यात नायट्रेट विहिरीच्या निम्मेही नव्हते.

सभेत ऋजुताने दोन्ही पाण्यांच्या बाटल्या मांडून डुबकीने मोजलेले आकडे सांगितले. "करार मोडला तर हे चांगलं पाणी खाली पोचणारच नाही."

"तोवर काय, नुसती वाट बघायची?" पप्पांनी विचारले.

"नाही. विहिरीत खतच आहे ना? कालव्याऐवजी तेच पाणी केळीला देऊ. त्यातून जेवढं नत्र जाईल, तेवढं पोत्यातलं वगळू. केळी ते शोषेल, विहिरीतलं कमी होईल."

सरपंच काकू हसल्या. "विकतचं खत विहिरीत घातलं, आता फुकट काढायचं म्हणतेस!"

"माप चुकलं तर?" पप्पांनी विचारले.

"दर आठवड्याला मी मोजेन," डुबकी म्हणाला.

"करार राहू द्या," पप्पा म्हणाले. "आणि पहिली मोटर माझ्या शेताला जोडा. माझा घड भरला, तर मग तुम्ही करा."

एकेक करत हात वर झाले.

संध्याकाळी ठिबकच्या नळ्यांतून विहिरीचे पाणी केळीच्या बुंध्याशी पडू लागले.

"पट्टी निघेपर्यंत तू मोठी होशील हं," डुबकी म्हणाला.

"मग काय झालं? मोठी तर मी होणारच आहे," ऋजुता म्हणाली आणि पुढच्या ओळीची तोटी उघडायला गेली.