शाई वाळायच्या आत

परतवाड्याच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी एक बाटली उभी होती, चांगली माणसाच्या उंचीची. पुठ्ठ्याची, हिरवीगार, गळ्याशी लाल पट्टा. आणि तिला दोन्ही हातांनी कवटाळून पायल उभी होती. येणारेजाणारे वळून वळून बघत होते, पोरं खिदळत होती, आणि पायलचं सगळं लक्ष आभाळाकडे होतं. श्रावणातलं आभाळ ते, त्याचा काय भरवसा? बाटलीचा रंग अजून ओला होता. अचलपूरच्या रहमतुल्ला पेंटरांनी निघताना बजावलं होतं, "बेटी, पानी मत लगने देना." त्यांची निखत पायलची कॉलेजातली मैत्रीण. ती दारातून ओरडली होती, "और गले मत लगाना, रंग लग जाएगा!"

आणि नेमकी सर आली. उन्हातच आली, चमचम करत.

पायल बाटलीवर ओढणी धरायला गेली, तोच कुणीतरी छत्री धरली. तिने सुटकेचा श्वास टाकून वर पाहिलं, तर छत्री तिच्या डोक्यावर नव्हतीच. ती बाटलीवर होती. छत्रीवाला पोरगा भिजत होता, पायल भिजत होती, आणि बाटली मात्र कोरडीठाक.

"मी पण भिजून राहिली ना," पायल म्हणाली.

"तुमचा रंग नाही जात," तो म्हणाला. "हिचा जाईल."

पायलने तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून...

गाडी लागली तेव्हा कंडक्टर दारात आडवा झाला. म्हणाला, बाटली उभी नाही जमणार बाई, आडवी ठेवा. त्यावर पायल अशी काही हसली, की अर्धी गाडी काही न कळताच तिच्याबरोबर हसायला लागली. "दादा, तुमच्या तोंडात साखर पडो," ती म्हणाली. "तेच तर आमी गावभर सांगून राहिलो."

मग तिला सगळं सांगावंच लागलं. चिंचडोहच्या फाट्यावर भगवंतरावांचं देशी दारूचं दुकान. ते बंद व्हावं म्हणून बायांनी अर्ज केलेला, आणि आता गावातल्या बायांचं मतदान व्हायचं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. दुकान राहू द्यायचं असेल तर उभी बाटली, बंद करायचं असेल तर आडवी. म्हाताऱ्यांना समजावं म्हणून ही एवढी मोठी बाटली. सभेत आधी उभी करायची आणि मग सगळ्यांनी मिळून निजवायची.

पोराचं नाव प्रीतम. बडनेऱ्याचा, वडील रेल्वेत. अमरावतीला वकिली शिकत होता आणि मावशीकडे निघाला होता. मावशीचं गाव आलं, खिडकीतून मागे गेलं, तरी तो उठला नाही. पायलला ते दिसलं. तिने दिसल्याचं दाखवलं नाही.

"तुमची ही बाटली घटनेत आहे, माहीत आहे?" त्याने विचारलं.

पायलच्या घरात बाबासाहेबांची तसबीर, वस्तीत विहार. घटना तिला परकी नव्हती. पण घटनेत बाटली? तिने डोळे बारीक केले. त्याने सांगितलं की सत्तेचाळीसावं कलम आहे. लोकांचं पोषण, लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य, आणि दारूबंदीसाठी राज्य प्रयत्नशील राहील.

"मंग दुकान कावून चालू हाय?"

प्रीतम जरा अडखळला. "ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सरकारनं कोणत्या वाटेनं जावं ते सांगणारी. ती पाळली नाहीत म्हणून कोर्टात जाता येत नाही."

"आन् ते प्रयत्नशील... कदीवरी राह्यचं?"

"तारीख नाही लिहिली."

"म्हंजे शब्द देला, तारीख नाही देली," पायल म्हणाली. "पोट्टे देतेत तसा."

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "पण त्यातच पुढे लिहिलंय... कोर्टात चालणार नाहीत, *तरीही* देशाच्या कारभाराला मूलभूत आहेत. मला तो 'तरीही' फार आवडतो."

कलमातला एखादा शब्द कुणाला आवडू शकतो, हे पायलला त्या दिवशी नव्याने कळलं. ती आडव्या बाटलीकडे बघत राहिली. सर थांबली होती, आणि चिंचडोह इतक्या लवकर कधीच आलं नव्हतं.

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. भाच्याला मावशीचा एवढा पुळका कुठून आला, ते मावशीलाही कळेना.

विहारात बाया जमत, आणि तो त्यांना ती तत्त्वं एकेक करून सांगे. बाई-माणसाला एकाच कामाची एकच मजुरी. बाळंतिणीला आधार. गरिबाला फुकट वकील. माणिकबाई गालावर हात ठेवून म्हणाली, "बाप्पा, एवढं समदं लिहून ठेवलं, आन् आमालेच कोनी सांगतलं नाही?" कपाशीचे ते फार वाईट दिवस होते. पेरलेलं उगवत नव्हतं, उगवलेल्याला अळी लागत होती, आणि वाचलंच तर भाव नव्हता. ओस पडली नाही ती फक्त भगवंतरावांच्या दुकानाची पायरी.

त्या पायरीवर पायलचे वडीलही बसत. देवमन एकेकाळी गाणाऱ्या मंडळात ढोलकी वाजवायचे, पंचक्रोशीत नाव होतं. पायलच्या तोंडातली गाणी त्यांच्याच मांडीवरची. आता सकाळी हात कापायचे आणि संध्याकाळी पाय. आई इंदूबाई दिवसभर कापूस वेचायची आणि अंधार पडला की नवऱ्याला वेचून आणायची. पायलला बाटली आडवी करायची होती, ती या एका माणसासाठी. त्याच्या ढोलकीसाठी.

प्रीतमने सांगितलेलं ती ओवीत बांधायची. तो म्हणे, कलम इतकं गोड लागतं हे आमच्या सरांना माहीत नाही.

*उभी बाटली बाई, उभी उंबऱ्याच्या आत*
*आडवी करीन तिले, शाई लावून बोटात...*

एकदा सकाळी देवमनने ही ओवी ऐकली, आणि खुंटीवरची ढोलकी काढली. हात कापत होते, पण ठेका चुकला नाही. दाराशी उभा असलेला प्रीतम ते ऐकत राहिला. निघताना तो पायलला म्हणाला, "बाटली आडवी झाली की येतो. तुझ्या आईशी बोलायला."

पायलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिने विचारलंच, "तारीख?"

"तारीख तहसीलदार देतील."

तहसीलदारांनी दिली. ऐन वेचणीतली.

शाळेत मतदान होतं. सकाळी रांग लागली, बाया नवी लुगडी नेसून आल्या, बोटाला शाई लावून घेतली की एकमेकींना दाखवत सुटल्या. आणि गंमत अशी, की भगवंतरावांच्या बाजूने असलेल्या घरांतली एकही बाई फिरकली नाही. स्वतः भगवंतराव समोरच्या ओट्यावर पान चघळत बसलेले, निवांत. "हरले, म्हणून तोंड लपवून राहिले," माणिकबाई म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं. प्रीतमलाही पटलं. सत्तेचाळीसावं कलम त्याला तोंडपाठ होतं. या मतदानाचा नियम मात्र त्याने वाचला नव्हता... मतदान म्हणजे जास्त मतं पडतील तो जिंकला, हे काय वाचायचं असतं?

दुपारी तो मागून आणलेल्या जीपची किल्ली घेऊन आला. नाल्यापलीकडच्या शेतांत वेचणीला गेलेल्या बाया राहिल्यात, म्हणाला, एक चक्कर मारून घेऊन येतो.

पायल नुकतीच मत देऊन बाहेर आली होती. बोटावर शाई ओलीच. शाळेमागच्या कडुलिंबाखाली सावली पडली होती, आणि तिथे कुणी नव्हतं. आठवडाभर दोघांना धड बोलायला मिळालं नव्हतं.

"बसा ना थोडं," ती म्हणाली. "आलेल्या समद्या आपल्याच हायेत. त्यायची मजुरी कावून बुडवता?"

तो बसला.

काय बोलले ते दोघं? काहीच नाही, आणि सगळं. बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये गाडी गेली की भांडी कशी वाजतात. ती तिथे राहिली तर ओवीला ठेका आयताच मिळेल. एवढं मोठं घटनेचं पुस्तक, त्यात प्रेमाचं एखादं कलम कसं नाही. "असतं तरी मार्गदर्शक तत्त्वांतच टाकलं असतं," तो म्हणाला, आणि तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. शाईचा डाग उमटला. निळसर काळा. त्याने पुसला नाही. दोघंही त्या डागाकडे बघत बसले... आणि जीप उन्हात उभी राहिली.

संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांचा ढीग लागला. उभीच्या नावाला चार-दोन. बायांनी गुलालाची पुडी फोडलीसुद्धा. मग तहसीलदार साहेबांनी हात वर केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आलेल्या बायांचं बहुमत चालत नाही. गावाच्या यादीत जितक्या बाया आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. तेवढ्या झाल्या नाहीत. थोडक्यात राहिल्या. दुकान चालू राहील, आणि आता वर्षभर तरी पुन्हा मतदान नाही.

भगवंतराव पान थुंकून उठले. त्यांच्या बाजूच्या बाया का आल्या नव्हत्या, ते आता सगळ्यांना कळलं. न येणं हेच उभ्या बाटलीला मत होतं.

नाल्यापलीकडच्या बाया तेव्हाच डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन परतत होत्या. एक एक करून शाळेसमोरून गेल्या. पायलने प्रीतमकडे पाहिलं, प्रीतमने मनगटाकडे. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो आला नाही. निखत खूपदा म्हणाली, "एक फोन कर ले, पगली, तेरी क्या शान जाती है?" पायल किराणा दुकानातल्या फोनपर्यंत जायची आणि मीठ घेऊन परत यायची. काय बोलणार होती? तो तास चांगला होता म्हणून? तो तास फार चांगला होता, हेच तर दुखणं होतं.

पुढच्या पावसाळ्यात देवमन दुकानावरून येताना नाल्यात पडले. पाणी फार नव्हतं. पण उठायला हात कुठे राहिले होते?

पायलच्या आबांच्या जलदानविधीला मांडवाच्या पार टोकाला प्रीतम उभा होता. हातात पांढरी फुलं. पायलला तो दिसला आणि वाटलं, आता आपण सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडून रडणार. म्हणून तिने तोंड फिरवलं. पहिल्या दिवशी हसू लपवायला फिरवलं होतं, तसंच. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा फुलं पाटावर होती आणि तो गेलेला होता. त्या तोंड फिरवण्याचा त्याने काय अर्थ घेतला असेल, ते तिला कळलं. आणि तरी ती धावली नाही. ती का धावली नाही?

दिवाळीनंतर अकोल्याहून सोयरिक आली. जुन्या शहरात घर, मुलगा शिक्षक, साधा. त्याने पायलला एकच विचारलं, "गाणं चालू ठेवाल ना?" इंदूबाईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड दिसला. पायलने होकार दिला. लग्नाची तारीख ठरली.

आणि त्या तारखेच्या आधी दुसऱ्या मतदानाची तारीख आली.

या खेपेला पायल बसली नाही. पहाटेपासून बांधाबांधावर फिरली. आजारी म्हातारी खाटेसकट उचलून आणली. तरी तिला धाकधूक होती, कारण यादीतल्या कितीतरी बाया कामासाठी बडनेऱ्याला, अमरावतीला गेलेल्या. त्यांना कोण आणणार? दिवस कलला, मत देऊन ती बाहेर आली, शाईवर फुंकर घालत वाटेकडे बघत राहिली. तेवढ्यात धूळ उडाली. दोन जीपा आल्या, बायांनी खच्चून भरलेल्या. माणिकबाईची सून उतरता उतरता म्हणाली, "तुह्या त्या वकिलानं घरोघरी फिरून हुडकलं वं आमाले. पंधरा दिवसांपासून मांगं लागला होता."

तो मागच्या जीपशी उभा होता. आत आला नाही.

मोजणी झाली आणि गावाने पुठ्ठ्याची बाटली शाळेसमोर निजवली. पोरं तिच्यावर घोडा घोडा करून बसली. इंदूबाई त्या गर्दीत न जाता घरी गेली, आणि खुंटीवरची ढोलकी पदराने पुसत बसली.

पायल जीपपाशी गेली.

"झाली आडवी," प्रीतम म्हणाला. "आलो. शब्द होता माझा... आईशी बोलायचा."

"तारीख नव्हती तुमच्या शब्दाले."

"नव्हती," तो म्हणाला. "मला वाटलं, हे केल्याशिवाय तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं यावं?"

"मले वाटलं, तुमी येतच नाही आता." मग तिने अकोल्याचं सांगितलं. सांगताना त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होती.

त्याने अगदी हळू विचारलं, "मोडता नाही येणार?"

पायलला त्या साध्या शिक्षकाचा प्रश्न आठवला, आईच्या तोंडावरचा उजेड आठवला. "मी शब्द देला हाय, प्रीतम." पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली. "तारखेसकट देला. आबा गेले ते त्या 'प्रयत्नशील' शब्दाले कोनी तारीख देली नाही म्हणून. आता मी कोनाले असं लटकवू?"

त्याने मान हलवली. शाळेकडून बायांचा आवाज आला. कुणीतरी तिचीच ओवी म्हणत होतं, आणि ठेका चुकत होता.

"तुझ्याकडं मागायचा मला हक्क नाही," तो म्हणाला. "तरीही..."

त्याचा तो आवडता शब्द तेवढा मध्ये राहिला.

जाण्याआधी त्याने हात पुढे केला. बाही वर सरकली, मनगट उघडं पडलं, स्वच्छ. मागच्या वर्षीचा डाग केव्हाच गेलेला. पायलने आपलं शाईचं बोट त्या मनगटावर टेकवलं, आणि जरा दाबून धरलं.

उचललं, तेव्हा तिथे काहीच उमटलं नव्हतं. शाई वाळली होती.