साठ कॅरेट आणि राहुडचा घाट

“अहो, तुमची गाडी अजून किती वेळ जेवणार आहे?”

चांदवडच्या अलीकडं, महामार्गावरच्या हॉटेलात विजेच्या गाड्यांचा चार्जर होता एकच, आणि त्याला चिकटून एक निळी पिकअप उभी होती. हर्षाली तिच्या पांढऱ्या पिकअपमधून अर्धी बाहेर वाकून विचारत होती. निळीचा माणूस उन्हात पाठ शेकत, निवांत चहा पीत होता. नोव्हेंबरची सकाळ, बोचरी थंडी... आणि हा बाबा फुंकर मारून मारून चहा पितोय!

“ताटावरून कुणाला उठवू नये म्हणतात,” तो म्हणाला.

“दहाला मला बयाबाईंच्या कंपनीत पोचायचंय. पाच पिकअप घ्यायच्यात त्यांना.”

त्याचा कप ओठांपाशीच थांबला. मग तो हसला. असा हसला, की गालाला खळी पडली – आणि हर्षालीला स्वतःचाच राग आला, खळी बघायची ही वेळ होती का?

“मीही तिकडंच निघालोय, ही निळी विकायला. मयूर.” त्यानं आपल्या गाडीची वायर काढून तिच्या हातात दिली. “घ्या. माझी ऐंशीवर आली, तुमचीही ऐंशीवर येऊ द्या. उपाशी गाडीला हरवण्यात काय मजा?”

“हरवणार कोण, ते बघूच!” ती तोऱ्यात म्हणाली खरी, पण हरणं तिला परवडणारं नव्हतं. नाशिकच्या शोरूममधून बाहेर फिरून गाड्या विकणारी ती एकटीच मुलगी. मोठ्या हट्टानं हे काम मागून घेतलेलं, आणि तीन महिन्यांत एकही ऑर्डर नाही. कालच शोरूमच्या साहेबांनी, संतोषसरांनी ऐकवलं होतं, “ही ऑर्डर आली नाही, तर सोमवारपासून रिसेप्शनला बसायचं. येणाऱ्याला पाणी विचारायचं.”

बयाबाई म्हणजे साठीची, काटक बाई. दीडशे बायकांची शेतकरी कंपनी चालवायची, टोमॅटो रोज पिंपळगावच्या बाजाराला धाडायची. दोघांनी रंगीत कागद पुढं केले, तर तिनं ते न वाचताच पदराखाली सरकवले.

“आमचा बा बैलबाजारात गेला, की इकणाऱ्याला कधी काय इचारायचा नाय. शेजारच्या दावणीवाल्याला इचारायचा, ‘ह्या बैलात गुण काय?’ तुमी बी तसंच करा. पोरा, तू हिची गाडी हाक. पोरी, तू ह्याची. भरल्या मालानं राहुडचा घाट चढा-उतरा, आन मंग दुसऱ्याच्या गाडीचं खरं काय ते सांगा. आपल्या गाडीचं कौतुक कुणी करायचं नाय!”

झाली का पंचाईत!

पांढरीत टोमॅटोनं भरलेले साठ कॅरेट, प्लास्टिकचे मोठे खोके, चढले. मयूर चालवायला, हर्षाली शेजारी. घाट लागला तशी तिची नजर बॅटरीच्या आकड्यावर खिळली.

“श्वास घ्या,” मयूर म्हणाला. “तुम्ही श्वास धरल्यानं आकडा थांबत नाही.”

“तुम्ही रस्त्याकडं बघा.”

“रस्ता पाठ आहे हो. पेठकडचा आहे मी, घाट म्हणजे आमचं अंगण.” मग जरा थांबून, “शेजारचं माणूस नवीन आहे... तेवढं बघतो.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कान मात्र तापले होते. परत येईतो बॅटरीतले चौतीस टक्के गेले.

मग तेच साठ कॅरेट बायकांनी निळीत चढवले. हर्षाली फोनवर संतोषसरांना आकडे कळवत होती. मयूर मात्र बाह्या सरसावून बायकांबरोबर कॅरेट उचलत होता.

हर्षालीच्या हाती निळी घाटात हूं की चूं न करता चढली.

“कशी आहे?” त्यानं विचारलं.

“काय?”

“गाडी हो... दुसरं काय विचारणार?” आणि तो पहिल्यांदाच लाजला.

परत आल्यावर बघितलं, तर तेवीसच टक्के गेले होते. हर्षालीच्या तोंडचं पाणीच पळालं.

पॅकहाउसमध्ये, माल निवडून भरायच्या शेडमध्ये, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आधी तिची पाळी. ‘बरी आहे’ म्हणून मोकळं होता आलं असतं. कोण बघायला गेलं होतं? पण समोर कष्टानं काळवंडलेले हात दिसत होते, आणि खोटं जिभेवर येईना.

“घाटात निळी गाडी सरस आहे,” ती म्हणाली. “माझी चौतीस टक्के खाते, ती तेवीस. ब्रेकही गोड आहेत. तुम्हाला रोज घाट चढायचा असेल, तर निळीच घ्या.”

संपलं! सोमवार, रिसेप्शन, पाण्याचे ग्लास. तिला रडू येत होतं, आणि तरी मान ताठ होती.

मयूर उठला. तिच्याकडं बघतच राहिला क्षणभर.

“पण रोज घाट चढायचाय कुणाला?” तो म्हणाला. “पिंपळगावचा रस्ता सपाट आहे. कॅरेट मात्र रोज चढवायचेत, आणि ते तुम्हीच चढवता. ह्यांच्या गाडीचा मागचा हौदा कमरेइतक्या उंचीवर येतो, माझा छातीइतक्या. मघाशी माझ्या गाडीत चढवताना सखुबाई तीनदा कंबर धरून थांबल्या. वीस किलोचं एकेक कॅरेट... मीही उचलून बघितलं. पांढरीच घ्या.”

“आगं बाई, खरंच की!” सखुबाई ओरडल्या. “माझ्या कंबरेनं मघाच कौल दिलाय!”

हशा पिकला. हर्षाली थक्क झाली. गाडी तिची, आणि हा मोठा गुण तिच्या ध्यानातच आला नव्हता!

बयाबाई उठून उभी राहिली. “पाची गाड्या पांढऱ्या. आन का, ते बी ऐक पोरी. हौदा तर हायेच. पण सवताच्या तोट्याचं खरं बोललीस. उद्या गाडी बिघडली, तर तुझ्या दारात भांडायला यायला आमाला भ्या नाय वाटायचं.”

टाळ्या पडल्या. हर्षालीनं तिथल्या तिथं सरांना फोन लावला. “सर, पाचही आपल्या! आणि सोमवारी रिसेप्शनला दुसरं कुणीतरी बघा, मला फिल्डवर जायचंय.”

फोन ठेवून बघते तर मयूर निळीत बसून निघालेला. ती पळत सुटली, गाडीपुढं जाऊन उभीच राहिली.

“साहेबांना काय सांगणार तुम्ही?”

“खरं तेच. ओरडतील. घाटातल्या गावांना ही गाडी हवीच आहे, तिकडं विकीन.” त्यानं काच पूर्ण खाली केली. “तुम्ही घाटाचं बोललात ना, तेव्हाच... म्हणजे मला...” घाट पाठ असलेला गडी इथं मात्र अडखळला.

“मला तुम्ही आवडता,” हर्षाली म्हणाली. धाप लागली होती, तरी शब्द स्पष्ट होते. “रविवारी घरी या. आईला सांगते, मी पसंत केलेला मुलगा येतोय.”

“एका दिवसात पसंत? दुसऱ्या कुणाशी तुलना न करताच?”

“दोन वर्षांत आईनं सात मुलं दाखवलीत. नोकरी, पगार, फ्लॅट... सगळ्यांचे कागद चोख!”

“मग त्यांच्यात मी कितवा?”

“आलात आठवे,” ती म्हणाली, “पण नंबर पहिला.”

पॅकहाउसच्या दारात बायकांची ही गर्दी झाली होती. बयाबाईनं तिथूनच हाळी दिली, “काय ठरलं गं?”

हर्षालीनं मयूरचा हात खिडकीतून बाहेर ओढला, आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.